उरलेली माती

"इथे नको," टेगवेन म्हणाली,
"या झाडाखाली आमचा मॉट आहे.
तिकडे घ्या, दगडी भिंतीच्या पलीकडे."
मी पोलादी नळा टेकवला,
हातोडीने पंधरा सेंटिमीटर खाली उतरवला.
वर आला एरिरीच्या डोंगराचा काळा ओला कंद,
दाट मुळं, आणि लोकरीची एक गुंतवळ.

ती वाकून बघत होती.
"यातलं आमचं किती, आणि त्यांचं किती?"

त्यांचं म्हणजे कुणाचं, ते तिने सांगितलं नाही.
शहाऐंशीच्या मे महिन्यात तो पाऊस पडला
तेव्हा ती कोकरांना बाटलीने दूध पाजत होती.
माती खाल्ली कुणीतरी
अडीच हजार किलोमीटरांवर,
आणि निस्तरायला आमच्या मेंढ्या.
सरकारी माणूस म्हणाला, तीन आठवडे.
त्याचे बूट खराब होऊ नयेत म्हणून
इदवलने अंगणात फळी टाकली होती.
त्या तीन आठवड्यांची सव्वीस वर्षं झाली.
मेंढीच्या पुठ्ठ्याला यंत्र टेकवायचं, दहा सेकंद थांबायचं,
आकडा जास्त आला की पाठीवर रंगाचा फराटा.
"रंग धुऊन जायचा," ती म्हणाली.
"बाजारात लोकांच्या लक्षात राहायचा."

प्रयोगशाळेत मी ती माती वाळवली,
चाळणीतून चाळली,
खडे वेगळे, मुळं वेगळी.
लोकर कुठे ठेवायची ते नियमावलीत नाही.
मी ती एका पाकिटात ठेवली.
मग शिशाच्या जाड भिंतींत, झाकण लावून,
मातीला एकटं सोडलं, एक दिवस, एक रात्र.

पडद्यावर आधी नुसतं धुकं.
मग धुक्यातून एकेक सुळका:
हा थोरियमचा गोतावळा,
हा युरेनियमचा, लेकी-नातींसकट.
हा पोटॅशियम,
जो माझ्या दंडात आहे, टेगवेनच्या बटाट्यांत आहे,
मॉट धावायचा तेव्हा त्याच्या पायांत होता.
यांना कुणी आणलं नाही.
डोंगर झाला तेव्हाच ही मंडळी आत येऊन बसली.
थोरियम तर अजून निम्माही सरला नाही,
पृथ्वीचं सगळं वय त्याला पुरलं नाही.

पण सुळके बुटके. काळ्या मातीत डोंगर कमीच असतो,
मेलेलं शेवाळच जास्त.
आणि त्यांच्यात उंच, काठीसारखा सरळ,
सीझियम. अर्धायुष्य तीस वर्षं.
गवताला तो पोटॅशियमच वाटला.
चिकणमाती असती तर अभ्रकाच्या पापुद्र्यांत
त्याला दाबून धरलं असतं.
या मातीला मूठ नाही.
ती गवताला देते, गवत मेंढीला,
मेंढी लेंडीतून पुन्हा हिला.
तोही सगळा त्या एका पावसाचा नाही.
थोडा त्याआधीचा, बॉम्बच्या चाचण्यांचा,
टेगवेन शाळेत भिजत जायची तेव्हाचा.

मी फोन केला. आकडे वाचले.
"त्यांचं अजून जास्त आहे," म्हटलं,
"पण निम्म्याच्या खाली आलंय."
"निम्मं कधी झालं?"
"दोन हजार सोळाच्या सुमारास."
ती बराच वेळ बोलली नाही.
मागे किटली शिट्टी घालत होती,
कुणी उतरवत नव्हतं.
"इदवल गेला ते वर्ष," ती म्हणाली.
आणि मग, जरा करड्या आवाजात,
"उरलेली माती परत आणणार ना?"

नमुने परत द्यायची पद्धत नाही.
मी शनिवारी डबा घेऊन गेले.
नळ्याचं भोक तसंच होतं, तळाशी बोटभर पाणी.
तिने हातमोजा काढला
आणि मूठमाती द्यावी तशी
मूठ उघडली, पुन्हा भरली, पुन्हा उघडली.
वाळून आक्रसलेली माती,
भोक निम्मंसुद्धा भरलं नाही.

ती थोडा वेळ आत बघत राहिली,
मग बुटाच्या टाचेने कडा आत लोटल्या.
पाकिटातली लोकर तिने खिशात टाकली.
भिंतीपलीकडून दोन मेंढ्या
रवंथ करत आमच्याकडे बघत होत्या.